न ऐकलेल्या गाण्याचे पैसे

"ताई, मी तर काहीच केलं नाही, मग पैसे कापले कशाचे?"

माझ्या दुकानात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. चंदननगरच्या भाजी मंडईमागच्या बोळात माझं मोबाईल रिचार्जचं आणि बिलं भरण्याचं दुकान होतं. त्याआधी त्याच जागेत पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता, तोही माझाच. बूथमधल्या यंत्रावर लाल आकडे पळायचे आणि ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पळायचे. माणूस आकड्यांकडे बघत बोलायचा, आणि परवडेनासं झालं की "बरं, ठेवतो आता" म्हणून ठेवून द्यायचा. मग मोबाईल आले. फोन खिशात गेला आणि आकडे दिसायचे बंद झाले.

गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. लोक आता स्वतःच्या फोनवरूनच रिचार्ज करतात, माझ्याकडे कोण येणार? या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "दुकानातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात." आवडत असतील. मला गमतीजमती फारशा आठवत नाहीत, राग आठवतो. तेव्हा तोच लिहिते. सणासुदीला तोंड कडू झालं तर माझा इलाज नाही.

माझ्या धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाला एवढं कळलं तरी पुरे. रिचार्जवर दुकानदाराला अगदी किरकोळ कमिशन मिळतं. खरी कमाई कंपनीची, आणि कंपनीची खरी मजा अशा पैशांत असते जे गिऱ्हाईकाला कळत नाहीत. महिन्याचा म्हणून विकलेला प्लॅन अठ्ठावीस दिवसांत संपतो, म्हणजे त्यांच्या कॅलेंडरात वर्षाचे महिने तेरा. शेवटची तारीख उलटली की लेट फी. परक्या ॲपवरून भरलं तर 'सुविधा शुल्क'. सुविधा कोणाची, ते विचारायचं नाही. आणि फोनवर मधूनच एक चौकोन उगवतो, त्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. भांडी घासता घासता ओल्या बोटाने माणूस तो चौकोन घालवायला जातो, आणि बोट पडतं 'ओके'वर. झालं, कसलीतरी सेवा सुरू.

माझ्या परीने मी लोकांना शिकवायची. पूर्ण महिन्याचा प्लॅनही असतो, तो मागून घ्या. दुकानदार आपणहून सांगणार नाही. बिल शेवटच्या तारखेला भरू नका, आधी भरा. परकं ॲप जास्तीचा आकार दाखवत असेल तर कंपनीच्याच ॲपवर जा, तिथे तो लागत नाही. बाकीच्या दुकानदारांना मी वेडी वाटायची.

भगतकाका वाशीमकडचे. खराडीच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. बायको गावी वारली, तेव्हा ते दिवसकार्य उरकून पुण्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले. नेहमीसारखे बाकावर बसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमच्या फोनवरून माह्या नंबरवर फोन लावता काय?"

मी लावला आणि फोन त्यांच्या कानाला दिला. पलीकडे घंटी वाजण्याऐवजी लग्नात डीजेवर लावतात तसलं एक नाचगाणं सुरू झालं. बायको गेल्याचं कळल्यावर जेवढ्या नातेवाइकांनी फोन केला, त्या सगळ्यांनी ते गाणं ऐकलं होतं. मेहुण्याने सगळ्यांदेखत त्यांना विचारलं होतं, "बहीण गेल्याचा तुम्हाले येवढा आनंद झाला काय?"

कॉलर ट्यून ही अशी वस्तू आहे की जो पैसे देतो त्याला ती कधीच ऐकू येत नाही. स्वतःच्या नंबरला स्वतः कोण फोन लावतो? वर्षभर त्या गाण्याचे पैसे काकांच्या बॅलन्समधून जात होते आणि ते बिचारे रिचार्ज लवकर संपतं म्हणून बोलणं कमी करत होते. बायकोशीसुद्धा.

काकांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "बंद करून द्या जी."

मी बंद करून दिलं. कंपनीला फोन लावला, तेव्हा तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सरांनी ही सेवा स्वतःहून निवडलेली दिसते आहे." मी तिला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तिचा तरी काय दोष, समोरच्या पडद्यावर लिहिलेलं ती वाचत होती.

पण मला खरं सांगायचंय ते सुनंदाबद्दल.

सुनंदा गायकवाड घरोघरी जाऊन अंथरुणावरचे पेशंट सांभाळते. आंघोळ घालणं, कूस बदलणं, औषधं, डायपर, सगळं. नवरा गेल्यापासून घर तिच्यावर. मुलगी प्रज्ञा नर्सिंगला, सासूबाई लोणी काळभोरला एकट्या. अशा बाईचा फोन म्हणजे तिचं दुकान. 'उद्यापासून येता का' हा फोन आला तर काम, नाही आला तर घरी.

तिने एका मॉलबाहेर छत्री लावून बसलेल्या पोरांकडून फॅमिली प्लॅन घेतला. तिघींचे नंबर एका बिलात, पोस्टपेड, म्हणजे आधी बोला मग भरा. "मावशी, तीन रिचार्जपेक्षा स्वस्त पडेल," असं सांगितलं. हिशोबाने पडलंही असतं. बँकेतून पैसे आपोआप जातील अशी सोयही त्यांनी तिथेच करून दिली. ईमेल नसेल तर काम पुढे जाईना, म्हणून पोराने स्वतःच्या मनाने एक ईमेल टाकून दिला. बिल जाणार त्या ईमेलवर. म्हणजे बिल निघत होतं, पोहोचत होतं, कंपनीच्या दृष्टीने सगळं रीतसर होतं. फक्त ज्या बाईने भरायचं, तिने ते पाहिलेलं नव्हतं.

एके दिवशी तिचे बाहेर जाणारे फोन बंद झाले. ती दुकानात आली, मी कंपनीच्या ॲपवरून बिल काढलं आणि दोघी डोकी जवळ घालून वाचत बसलो. सुनंदाला पगार व्हायचा दहा तारखेच्या आसपास. पैसे कापायची तारीख होती महिन्याच्या सुरुवातीची. खात्यात पैसे नाहीत म्हणून बहुतेक वेळा ते कापले जायचे नाहीत, की कंपनीची लेट फी. पैसे कापता आले नाहीत म्हणून बँकेचा दंड वेगळा. तिचा गुन्हा काय, तर तिला पगार उशिरा होतो. बिलाची तारीख अर्ज करून बदलून मिळू शकते, हे त्या छत्रीखालच्या पोरांनी सांगितलं नाही आणि कंपनीनेही नाही. शिवाय त्या बिलात सासूबाईंच्या नंबरवर कसलंसं क्रिकेटचं पॅक लागलेलं होतं, आणि प्रज्ञाच्या नंबरवर गाणं.

"सासूबाई क्रिकेट बघतात?" मी विचारलं.

"त्यांना मोतीबिंदू आहे, ताई."

आम्ही दोघी नगर रोडवरच्या कंपनीच्या चकचकीत दुकानात गेलो. आत एसी, फुगे, हसणारी पोस्टरं. काउंटरवरचा मुलगा टाय लावलेला.

"मॅडम, आधी पूर्ण अमाउंट पे करा, मग कम्प्लेंट टाका. रिफंड येईल."

"कधी येईल?"

"ते बॅकएंडला ठरतं."

सुनंदा म्हणाली, "मी जेवढं बोलले त्याचे पैसे घ्या. आत्ता देते. पण क्रिकेटचे आणि त्या दंडाचे देणार नाही."

"मग लाइन चालू नाही होणार, मॅडम. सिस्टिममध्ये पूर्ण पेमेंट दिसलं पाहिजे."

"मग माझा नंबर घेऊन मी दुसऱ्या कंपनीत जाते."

"थकबाकी असताना नंबर नाही नेता येत."

ऐका नीट. ज्या पैशांवरून भांडण आहे, ते पैसे भरल्याशिवाय त्या भांडणातून बाहेर पडता येत नाही. असलं कुलूप घरफोड्यांनासुद्धा सुचलं नसतं.

मी आवाज चढवला. लोक बघायला लागले. मॅनेजर आले, आम्हाला पाणी दिलं, "आम्ही समजू शकतो" म्हणाले आणि आत निघून गेले. मी आजवर जेवढ्या 'समजू शकणाऱ्या' माणसांना भेटले, त्यांतल्या एकानेही काही केलेलं मला आठवत नाही.

सुनंदाने वादातले पैसे सोडून बाकीचे तिथेच भरले. तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर आला आणि चार दिवसांनी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. काय निराकरण झालं, हे विचारायला फोन केला की संगीत. मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. मग पुन्हा संगीत. सुनंदा त्या वेळी कल्याणीनगरला एका पेशंटकडे जात होती. पेशंटला भरवताना एक हात वाटीला आणि कानाला लावलेला माझ्या दुकानातला जुना फोन, असं करून तिने ते संगीत ऐकलं. वर अपील करता येतं, तेही आम्ही केलं.

तोवर येणारे फोनही बंद झाले. तिघींनी दुसऱ्या कंपनीची साधी रिचार्जवाली सिमं घेतली. सुनंदाने फोनमध्ये नाव असलेल्या प्रत्येकाला मेसेज केला, 'मी सुनंदा गायकवाड, हा माझा नवीन नंबर.'

वसुलीवाले मात्र बरोबर सापडतात. त्यांनी कुठून तरी सासूबाईंचा नवा नंबर मिळवला आणि लोणी काळभोरला फोन गेला. पैसे भरले नाहीत तर पोलीस घरी येतील, असं त्या माणसाने सांगितलं. सासूबाईंनीच मला पुढे हे ऐकवलं. "म्या म्हनलं, आरं, घिऊन ये की पोलीस. घर उघडंच हाय. मला डोळ्यानं दिसत न्हाय आन तुमी मला किरकेट दावताय व्हय? त्याचे पैसं पायजेत? ये, तू सोता ये, तुला दावते." त्याने परत फोन केला नाही. सगळ्या प्रकरणात कंपनीला भारी पडलेली ती एकच बाई.

मला पुष्कळजण म्हणाले, एवढं काय, नंबरच तर आहे, नवा घेतला की संपलं. ज्यांचं काम फोनवाचून अडत नाही तेच असं म्हणतात. सुनंदाचा जुना नंबर बँकेत होता, आधारला होता, गॅसला होता, प्रज्ञाच्या स्कॉलरशिपला होता. प्रत्येक ठिकाणी नंबर बदलायला रांग, आणि प्रत्येक रांगेला एका दिवसाची कमाई. त्यात पेशंटसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांनी जुन्याच नंबरवर कामं सांगितली आणि उत्तर नाही म्हणून दुसऱ्या बायकांना दिली. त्या पावसाळ्यात ती कितीतरी दिवस घरी बसून होती. मी एकदा म्हटलं, "भरून टाकायचे का गं? मी देते." ती माझ्याकडे बघून नुसती 'नाही' म्हणाली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बंद पडलेला नंबर कंपनी कायमचा बंद ठेवत नाही. काही महिने गेले की तो दुसऱ्याला विकते. गॅसच्या बुकिंगसाठी काही केल्या जुन्याच नंबरवर ओटीपीचा आकडा जात होता, म्हणून एका दुपारी मी दुकानातून त्या नंबरवर फोन लावला. सुनंदा समोर बसलेली. एका मुलाने उचलला. वाघोलीला इंजिनिअरिंग कॉलेजात होता, मूळचा लातूरचा.

मी सगळं सांगितलं. पोरगा भला निघाला. "हो आंटी, कोणाचे तरी बँकेचे मेसेज येतात, मी डिलीट करतो. गॅसचा आला तर सांगतो तुम्हाला. टेन्शन नका घेऊ." मग म्हणाला, "आंटी, त्या सुनंदा तुमच्याजवळ आहेत का? एक आजी खूप कॉल करायच्या त्यांच्यासाठी."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"त्या म्हणायच्या, सुनंदाला दे रे, मला उठता येत नाही. मी म्हणायचो, आजी राँग नंबर. परत लावायच्या. लास्ट टाइम रडत होत्या. नंतर नाही आला कॉल."

सुनंदाने विचारलं, "कधी? कधीची गोष्ट?"

"झाला असेल महिना."

ती उठली. पर्स घेतली, चप्पल घातली आणि रिक्षेच्या मागे धावली.

त्या आजी म्हणजे विमाननगरच्या लिमये आजी. सुनंदा त्यांच्याकडे दोन वर्षं होती. आजींना बरं वाटलं, काठी घेऊन चालायला लागल्या, तेव्हा मुलगा म्हणाला होता, आता रोज नको, लागेल तेव्हा फोन करू. त्यांच्या घरी अजून जुना तारेचा फोन आहे. आजींना डोळ्यांनी कमी दिसतं, पण सुनंदाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता आणि बोटांनी चाचपून त्या तो फिरवत. सुनंदाचा नव्या नंबरचा मेसेज मुलाला गेला होता. हल्ली 'माझा नवीन नंबर' म्हणून भामट्यांचे मेसेज येतात, म्हणून त्याने तो पुसून टाकला. त्याला तरी काय म्हणणार? आजी पुन्हा आजारी पडल्या, तेव्हा सुनंदाच्या नंबरवर भलताच कोणी बोलतो म्हणून ब्युरोतून एक नवी पोर आणली. पोरीला कसलाच अनुभव नाही. तिने आजींना न्हाणीघराच्या दारात उभं केलं आणि टॉवेल आणायला गेली. आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्या उठत नाहीत.

सुनंदा त्या दुपारी गेली ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा काम धरलं.

आमच्या अपिलाचा निकाल यानंतर आला. कंपनीने मोठ्या मनाने मान्य केलं, की क्रिकेटचे आणि गाण्याचे पैसे चुकून लागले, आणि त्यावर चढलेली लेट फीसुद्धा माफ. मेसेजमध्ये लिहिलं होतं, की आधी कापलेली जास्तीची रक्कम आपल्या पुढील बिलात वळती करण्यात येईल. कनेक्शन त्यांनीच तोडलेलं. नंबर त्यांनीच दुसऱ्याला विकलेला. पुढील बिल कुठलं? खाली पाच चांदण्या होत्या, आमच्या सेवेला गुण द्या म्हणून. मी फोन भिंतीवर आपटणार होते, पण तो माझा होता.

मी पुन्हा त्या चकचकीत दुकानात गेले. नंबर परत द्या म्हटलं. आता टायवाला मुलगा दुसरा होता. म्हणाला, "मॅडम, तो नंबर आता दुसऱ्या कस्टमरचा आहे, त्याच्यावर अन्याय होईल." अन्याय हा शब्द त्यांना माहीत आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

पुढे एकदा सुनंदाने मला लिमये आजींकडे बोलावलं. आजींसाठी मोठ्या बटणांचा मोबाईल घेतला होता, त्यात एक बटण दाबलं की सरळ सुनंदाला लागेल असं करून द्यायचं होतं. मी गेले. आजी उशाला टेकून बसल्या होत्या, केस सुनंदाने विंचरून छान अंबाडा घातलेला. मी बटण लावून दिलं, आजींचं बोट त्यावर ठेवून दाखवलं. पलीकडे सुनंदाच्या पिशवीत फोन वाजला. आजी खूश झाल्या.

मग त्यांनी विचारलं, "सुनंदा, तो जुना नंबर बंद का केला गं त्यांनी?"

सुनंदाने सांगितलं, थोडक्यात.

"किती पैसे होते?"

तिने आकडा सांगितला. त्या घरात दोन पिझ्झे येतील एवढा.

"अगं, मग मला सांगायचं. मी दिले असते."

"माझ्याकडे होते, आजी," सुनंदा त्यांच्या पायांवरची चादर नीट करत म्हणाली. "आपण ते देणं लागतच नव्हतो. म्हणून नाही दिले."

आजींनी मान हलवली. शाळेत शिक्षिका होत्या त्या, तशीच मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. "बरं केलंस," म्हणाल्या. आणि मग खिडकीकडे तोंड करून, हळूच, "पण मी पडले ना गं त्यात."

सुनंदाचा हात चादरीवरच थांबला. मी माझी पिशवी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. शेवटी सुनंदाने आजींच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, "चला, कूस बदलायची वेळ झाली." आजींनी तिच्या गळ्याला मिठी घातली, आणि तिने त्यांना अगदी सावकाश, दुखऱ्या बाजूला धक्का न लावता, वळवलं.